गेटपर्यंतची बाग

मी बागा करते असं सांगितलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न लॉनचा विचारतो. अमरावतीत विचारतो, अकोल्यात विचारतो, ऐन मे महिन्यात कूलरपुढे बसून घाम पुसत विचारतो. एका डॉक्टरांनी मला परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "मॅडम, सेम असं पाहिजे." त्यांच्या घरच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. मी म्हटलं, डॉक्टर, हे गवत जगवायचं तर घरातल्यांनी आंघोळ सोडावी लागेल. ते हसले, मला चहा पाजला आणि दुसऱ्याकडून प्लास्टिकचं गवत घालून घेतलं. उन्हाळ्यात त्याच्यावर अनवाणी पाय ठेवला तर चटका बसतो. पण फोटोत ते बारा महिने हिरवं दिसतं.

तीसेक वर्षं मी हा धंदा केला. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून सोडला असं सगळ्यांना सांगते. शिक्षण अकोल्याला झालं, शेतकीचं. बरोबरचे बियाण्यांच्या कंपन्यांत नाहीतर सरकारी खात्यात गेले. मी लोकांच्या अंगणात खुरपं घेऊन बसू लागले, तेव्हा माझे वडील शेजाऱ्यांना "मुलगी फलोत्पादनात आहे" असं सांगत, आणि मी सायकलला झारी बांधून निघाले की दार लोटून घेत.

मोठे बगिचे, कारंजी, हत्तीच्या आकारात कापलेली झुडपं यांच्या वाटेला मी कधी गेले नाही. घरापुढची खोलीएवढी जागा, दवाखान्यामागचा बोळ, एखाद्या वृद्धाश्रमाचं अंगण, असल्या ठिकाणी माणसाला बसावंसं वाटेल, हात लावावासा वाटेल, खोल श्वास घ्यावासा वाटेल अशी बाग करायची, हे माझं काम. डोळ्यांसाठी बाग करणं सगळ्यात सोपं असतं. नर्सरीतून रंगीत फुलं आणा, ओळीत लावा, मालक खूष. नाकासाठी, बोटांसाठी, कानांसाठी, तळपायांसाठी करायची तर डोकं चालवावं लागतं. शहाण्या लोकांत याला मोठमोठी नावं आहेत. आमच्याकडे मला "वासाची बाग करनाऱ्या मॅडम" म्हणत.

वास म्हणजे फूल अशी सगळ्यांची समजूत असते. पण मोगरा उन्हाळ्यात, तोही संध्याकाळी. पारिजातक पावसाळा सरता सरता, तोही पहाटे. रातराणी अंधार पडल्यावर. फुलाचा वास पाहुण्यासारखा, आला तर आला. बारमाही वास पानात असतो. मरवा, तुळस, पानओवा, निरगुडी, कडीपत्ता, लिंबू. पानाला हात लागला की ते बोलतं, नाही लागला तर गप्प राहतं. म्हणून ही झाडं जमिनीत न लावता कमरेएवढ्या उंच वाफ्यात लावायची, चालता चालता हात लागेल अशी. दुसरी गोष्ट आमच्या काळ्या मातीची. ही माती कापसाला आई आणि पायवाटेला सावत्र आई. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि वर जे काही घातलं असेल ते उचलून वाकडं करते. वाट करायची तर आधी माती काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसायचा, म्हणजे ठोकून ठोकून बसवायचा, एक पावसाळा जाऊ द्यायचा आणि मग पुन्हा धुमसायचा. एवढं सांगितलं की मालक म्हणत, "एवढं काहून मॅडम? वरून सिमेंटचे गट्टू टाकून द्या ना."

वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं तर मला कपाळाला हात लावायला लावला. चहूबाजूंनी त्याची बाग, मधे बंगला. आंबिया बहार फुलला होता, फाटकापासूनच वासानं गुंगल्यासारखं होत होतं. त्याला घरापुढे कृत्रिम गुलाबांचा ताटवा हवा होता आणि त्या बाजूच्या खिडक्यांना काचा. "संत्र्याचा वास आला का मले ट्रक दिसतेत, मॅडम," तो म्हणाला. "घरी तरी नोको." त्याचं मला पटलं. गुलाबाचं काम मात्र मी घेतलं नाही.

एका गावाबाहेर अंध मुलींचं वसतिगृह होतं. तिथे मी जीव ओतून बाग केली. बोटांना वेगवेगळी लागतील अशी पानं शोधून लावली: लवदार, खरखरीत, गुळगुळीत, कातरलेली. मरवा, जाई, डाळिंब, आघाडा, दूर्वा, बेल. हरतालिकेच्या आदल्या दिवशी आजूबाजूच्या वस्तीतल्या बाया पिशव्या घेऊन आल्या आणि सगळी पत्री म्हणून खुडून घेऊन गेल्या. चौकीदारानं हटकलं नाही; देवाचं काम होतं. योगायोगानं मी त्याच दिवशी तिथे गेले होते. एकीला मी फाटकात गाठलं. ती मुळीच ओशाळली नाही. "देवालेच तर नेऊन राहिलो बाई," ती म्हणाली. "अन् या पोरीयले तसंई कुठी दिसते?" संध्याकाळी मुली आल्या. नुसत्या देठांवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. एकीनं मला विचारलं, "मॅडम, आज झाडांना सुटी आहे का?" मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी एक नियम केला. जागा किती, पाणी किती हे नंतर. आधी दोन गोष्टी विचारायच्या: बाग कुणासाठी, आणि घरात शब्द कुणाचा चालतो. दोन्हींचं उत्तर एकच माणूस नसेल तर काम घ्यायचं नाही. या नियमानं माझी बरीच गिऱ्हाइकं गेली आणि बराच मनस्ताप वाचला. इंगळ्यांचं काम मी नियम मोडून घेतलं.

इंगळेकाका अकोल्याला मुलाकडे राहत. सगळं आयुष्य अकोटच्या जिनिंगमध्ये गेलेलं. कापसाचे ग्रेडर होते. गाडी आली की तिच्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांखाली धरून धागा ओढायचा आणि माल कोणत्या दर्जाचा ते सांगायचं. काकू गेल्यावर मुलानं त्यांना अकोल्याला आणलं. काचबिंदूनं एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्यातून नळीतून पाहिल्यासारखं थोडं दिसत होतं, आणि तेही राहणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलगा प्रमोद वीज खात्यात, सून सुनीता शाळेत शिक्षिका. दोघंही भली माणसं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना दुष्ट ठरवील. ती दुष्ट असती तर मला फार सोपं गेलं असतं.

प्रमोदनं मला बोलावलं ते "बाबांना विरंगुळा म्हणून काहीतरी हिरवं" करायला. तो फोनवर बोलायला आत गेला तेव्हा काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मॅडम, हिरवंगिरवं कायले पाह्यजे मले? मले दिसनार नाई. मले फक्त गेटापर्यंत जाता आलं पाह्यजे. एकट्यानं. कोनी हात धराचा नाई."

"गेटावर काय आहे, काका?"

"लोकं आहेत," ते म्हणाले. "घरातले समदे कामावर जातेत. गेटावर भाजीवाला येते, शेजारचे जोशी उभे राह्यतेत, शाळेचे पोट्टे जातेत. आपल्या पायानं गेलेल्या मानसाशी लोकं बोलतेत. हाताले धरून आनला का मंग धरनाऱ्याशीच बोलतेत. माह्यासमोर सुनेले इचारतेत, तुमचे मामाजी जेवतेत का बराबर."

सासऱ्याला आमच्याकडे मामाजीच म्हणतात. मी सुचवलं की एका बाजूनं लोखंडी कठडा लावून घेऊ, तो धरून जाता येईल. काकांनी मान हलवली. "ते दवाखान्यात राह्यते," ते म्हणाले. "घरात नोको."

मग मी काम घेतलं.

ओसरीपासून गेट काही लांब नव्हतं. डोळस माणूस मोबाइल बघत जाऊन येईल एवढंच. पण अंगणाच्या मध्यावर बोअरची मोटर होती, त्यामुळे वाट सरळ जाऊ शकत नव्हती, वळण घ्यावं लागत होतं. आणि दिसेनासं झालेल्या माणसाला खरी भीती वळणाची असते. सरळ वाटेवर पाय सवयीनं पडतो. वळण कधी आलं आणि किती वळायचं, हे कुणीतरी सांगावं लागतं.

ते सांगायचं काम मी झाडांवर सोपवलं. ओसरीची पायरी उतरली की डाव्या हाताला विटांचा उंच वाफा. सुरुवातीला पानओवा, जाड, मखमली. पुढे मरवा. मरवा संपला की वळण. वळणावर तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर एक माठ, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात बसवलेली; पाणी थेंब थेंब खालच्या दगडी कुंडीत पडायचं. चिमण्या, बुलबुल तिथे भांडायला यायचे, म्हणजे आवाजाची दुहेरी सोय. पायाखाली वळणापर्यंत मुरूम, करकर वाजणारा. वळल्यानंतर शहाबादी फरशी, गुळगुळीत आणि गार. फरशीच्या कडेनं तुळस, मग कडीपत्ता, आणि गेटाला लागून लिंबू. लिंबू मला नको होता, काटे असतात म्हणून. काका म्हणाले, "काटा लागला का समजलं, गेट आलं."

खरी घाई वेगळीच होती. मुरूम नीट बसायला एक पावसाळा हवा होता आणि काकांच्या डोळ्याला तेवढी सवड नव्हती. जेवढं दिसत होतं तेवढ्यातच ती वाट शिकून घ्यायला हवी होती. डोळ्यांनी एकदा पाहिलेली जागा माणूस मनात धरून ठेवतो आणि मग हातापायांनी ओळखतो. न पाहिलेली जागा म्हातारपणी नव्यानं मनात उभी करणं महाकठीण. म्हणून मी अकोल्यातच मुक्काम ठोकला, रोलर आणून दिवस दिवस मुरूम दाबून घेतला आणि काकांना रोज वाटेवर आणलं. आधी उघड्या डोळ्यानं, मग डोळ्यांवर दुपट्टा बांधून. दुपट्टा बांधलेले सासरे वाफ्याला हात लावत चाललेत हे पाहून सुनीताला पहिल्या दिवशी हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून ती खिडकीत उभी राहायची, पण हसायची नाही.

पान चिमटीत धरायची त्यांची तऱ्हा कापसाचीच होती. पानओव्याला ते म्हणाले, "आखूड धाग्याचा माल. जाड दिसते, पन दम नाई." मरव्याची काडी मात्र बराच वेळ दोन्ही अंगठ्यांमध्ये फिरवत राहिले. "हा सुपर," म्हणाले. "याले घट नाई लागनार, भाव कापाचं कामच नाई." मी जन्मात ज्या काही शाबासक्या मिळवल्या त्यात ही पुष्कळ वर आहे.

थंडीत तो उरलेला डोळाही गेला. मी धास्तीत होते. मग एके सकाळी सुनीताचा फोन आला. "मॅडम, मामाजी दुधाची पिशवी घेऊन आले. गेटावरून. मी झोपेतच होती." त्या दिवसापासून दूध आणणं हे काकांचं काम झालं. घरात त्यांना काम मिळालं.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम ओसरीवर बसून पाहिलं. डावा हात वाफ्यावरून अलगद सरकत होता, पाय मुरमावर करकरत होते. माठापाशी ते न थांबता वळले, फरशीवर आले, गेटाची कडी काढली आणि रस्त्यावरच्या भाजीवाल्याला म्हणाले, "हे काय वांगे आहेत? याच्यात बियाच बिया असतीन." भाजीवाला वाद घालू लागला. काका वांगी दाबून दाबून बाजूला काढत होते. सुनीतानं हाक मारली तरी त्यांना आत यायचं नव्हतं. माझ्या उभ्या आयुष्यात याच्याइतकं चांगलं काम मी दुसरं केलेलं नाही, हे सरळ सांगते. त्यात खोटा विनय नको.

दोनेक वर्षं हे छान चाललं. मग काकांच्या नातीचं, प्रमोदच्या मुलीचं लग्न ठरलं.

लग्न मंगल कार्यालयात होतं. पण आमच्याकडे कार्यालय कितीही मोठं घ्या, मांडव स्वतःच्या दारात टाकावाच लागतो. हळद तिथे, मांडवाचं जेवण तिथे, मुलीची पाठवणी तिथून. दारात मांडव नाही म्हणजे लग्नाला घर नाही. आणि इंगळ्यांच्या दारात माझी बाग होती.

प्रमोदनं फोन केला. नेहमीसारखाच अदबीनं बोलला. "मॅडम, झाडं काढून कुंड्यांत ठेवता येतील का? लग्न झालं की पुन्हा लावून घेऊ. जशीच्या तशी."

मी म्हटलं, "झाडं पुन्हा लागतील, प्रमोद. पण काका ती वाट दिसत होतं तेव्हा शिकलेत. आता नव्यानं शिकायला त्यांना डोळा कुठे आहे?"

"पण मॅडम, जशीच्या तशीच लावायची ना?"

मी सांगितलं की तशीच लागत नाही. वाफा वीतभर सरकला, वळण जरा अलीकडे आलं, मुरूम एका जागी खचला, की ती वेगळी वाट झाली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि "घरी बोलतो" म्हणाला. मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी अमरावतीहून निघून बडनेऱ्याला गाडी पकडली आणि अकोल्याला जाऊन धडकले.

दिवाणखान्यात सगळे होते. मी अंगणाचं चित्र काढून दाखवलं: वाफा आणि वाट राखून मांडव अर्ध्या बाजूनं टाकता येतो, पंगत पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर बसवता येते. प्रमोदनं चित्र नीट पाहिलं. मग म्हणाला, "मॅडम, अर्धा मांडव कसा टाकायचा? पोरीचं पहिलंच कार्य. लोक म्हणतील, इंगळ्यांना अंगण असून दार नव्हतं." सुनीता जमिनीकडे बघत होती.

मी काकांकडे वळले. घरात शब्द त्यांचा नव्हता हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यांनी नुसतं "नाही" म्हटलं असतं तर प्रमोदनं ऐकलं असतं, असं मला आजही वाटतं.

"होऊ द्या मॅडम," काका म्हणाले. "नातीचा मांडव आहे. म्या मना केलं तर पोरगी जन्मभर म्हनन, आबाजीच्या झाडापाई माह्या मांडव अर्धा राह्यला."

"काका, मग गेट?"

"गेट कुठी जाते? तिथंच राहीन." ते हसलेसुद्धा. प्रमोदनं पुढे होऊन त्यांच्या पायांना हात लावला आणि सगळ्यांचे डोळे भरून आले. माझा मात्र संताप झाला होता. त्या खोलीत प्रेमाची काही कमतरता नव्हती, आणि त्या प्रेमापुढे मला बोलायला जागा उरली नव्हती. कजाग सून असती, हावरा मुलगा असता तर मी भांडले असते. इथे कुणाशी भांडू?

मांडव टाकायला बिछायतवाले आले. वाफा खांबाच्या आड येत होता, तो त्यांनी पहारीनं फोडला. झाडं काही कुंड्यांत गेली, काही रस्त्याच्या कडेला. पाहुण्यांच्या चपलांना काळी माती लागू नये म्हणून मुरूम, फरशी सगळं उचकटून अंगणभर, गेटपर्यंत सपाट गट्टू बसवले. दिवस थोडे होते म्हणून ते थेट मातीवरच बसवले.

हळदीला मला आग्रहाचं बोलावणं होतं. गेले. मांडवाला हिरवं लागतं म्हणून जांभळीच्या ताज्या डहाळ्या तोडून खांबाखांबाला बांधल्या होत्या. बायकांनी नवरीसाठी फुलांचे दागिने केले होते आणि त्यात उपटलेला मरवा गुंफला होता. वाया जाऊ नये म्हणून. "काय वास येऊन राहिला," अशी सगळ्या बाया वाखाणणी करत होत्या. काका नवी टोपी घालून खुर्चीवर बसले होते. नात त्यांच्या पाया पडायला वाकली, तसा त्यांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि मग हळूच खाली नेऊन तिच्या गळ्यातला मरवा चिमटीत धरला. तिला वाटलं आबाजी लाड करताहेत. ती तशीच वाकून राहिली.

लग्नानंतर बाग पुन्हा करायची होती. पण आधी मुलीचं माहेरपण, जावयाचं येणंजाणं. गट्ट्यांमुळे गाडी वळवायला सोय झाली होती. मग पावसाळा लागला. काळ्या मातीनं आपलं काम केलं. ती फुगली, गट्टू कुठे वर आले, कुठे खचले. काका एकदा दूध आणायला म्हणून उतरले आणि ठेचकाळून तोंडावर पडले. कपाळावर टाके पडले. त्यानंतर सुनीतानं शपथ घातली की मामाजींनी एकट्यानं पायरी उतरायची नाही. पाऊस उघडल्यावर करू, दिवाळीनंतर करू, असं करत बाग राहून गेली. मी फोन करायची. प्रमोद, सुनीता कधी फोन टाळत नसत. नेहमी म्हणत, "करायचीच आहे मॅडम."

शेवटचा फोन प्रमोदनं आपणहून केला. कंपाउंडच्या भिंतीवर कुंड्या टांगून "व्हर्टिकल गार्डन" करतात तसं त्याला हवं होतं. मी विचारलं, "आणि काकांची वाट?"

"बाबा आता बाहेर येतच नाहीत ना मॅडम," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरी काळजी होती. "मग खाली झाडं लावायची तरी कुणासाठी?"

नकार समक्ष द्यावा म्हणून मी अकोल्याला गेले. प्रमोद कामावर होता. सुनीताला शाळेला सुटी होती. काका दिवाणखान्यात भिंतीकडच्या खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते. समोर टीव्ही चालू होता, त्यावर कसली तरी मालिका. मी त्यांना कापसाचं विचारलं, अकोटचं विचारलं. ते नीट उत्तरं देत होते, पण स्वतःहून एक शब्द बोलत नव्हते. शेजारचे जोशी भेटतात का, म्हटलं. "असतीन," म्हणाले.

मी निघाले तसे ते उठले. मी आले की गेटपर्यंत पोचवायला येणं हा त्यांचा शिरस्ता होता. अंगाला लागलेली सवय. मी नको म्हणायच्या आत ते ओसरीपर्यंत आले आणि पायरी उतरले. डावा हात आपोआप कमरेच्या उंचीवर बाजूला गेला. तिथे काही नव्हतं. तरी ते थोडं चालले. पाय वर आलेल्या गट्टूला लागला, ते सावरले आणि उभे राहिले. ऊन होतं. अंगणात कसलाही आवाज नव्हता, कसलाही वास नव्हता. ते मान जराशी तिरकी करून काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होते.

मी शेजारीच होते. हात धरलेला त्यांना चालत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी धरला नाही. वाट पाहिली. मागून सुनीताची हाक आली, "थांबा मामाजी, आली मी."

"राहू दे," ते म्हणाले. "मॅडम आहेत."

आणि त्यांनी आपला हात पुढे केला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात दिला नव्हता. काम चालू असताना विटांचा ढीग ओलांडायचा असला तरी नाही. मी तो धरला. हलका होता, गार होता, आणि त्यानं माझी बोटं घट्ट आवळली.

"चला काका," मी म्हटलं. "गेट इथंच आहे. नेते मी."

"नाई मॅडम," ते म्हणाले. "आत न्या."